रिंगणातला कॅमेरा

माळशिरस तालुक्यात पुरंदवडे येथे आषाढी वारीत माउलींच्या अश्वाचे गोल रिंगण होते आणि तिथे कॅमेऱ्यांची परीक्षाही होते. फुजीफिल्म एक्स१०० मालिकेतल्या कॅमेऱ्याला २३ मिमीची एकच, न निघणारी लेन्स असते. झूम पायांनी करायचा. पण रिंगणात पाय घालायला चोपदारांची परवानगी नसते. त्यामुळे लाखाच्या वर मोजूनही माउलींचा अश्व मुंगीएवढा येतो. याला ‘वातावरणनिर्मिती’ म्हणतात. कॅनन आर५० सारख्या प्राथमिक मिररलेस कॅमेऱ्याची लेन्स बदलता येते. ती बदलेपर्यंत अश्व दौड संपवतो, आणि ज्या टापांची माती वारकरी कपाळी लावतात, तीच उघड्या सेन्सरवर बसते. पुढच्या प्रत्येक फोटोत तेवढा ठिपका प्रसादासारखा मिळतो.