कालची कारली धरत नाहीत

परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करून पास व्हायची सवय आमच्या अप्पांना शाळेपासूनची. निवृत्तीनंतर ती त्यांनी साखरेच्या तपासणीला लावली. उपाशीपोटी रक्त द्यायच्या आधी दोन दिवस घरात कारल्याची भाजी, मेथ्यांचं पाणी आणि ज्वारीची भाकरी. रिपोर्ट बरा आला की परतताना पाव किलो जिलबी. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. यंदा नव्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर ‘एचबीएवनसी’ लिहिलं आणि घात झाला.

या तपासणीला आदल्या रात्रीचं कौतुकच नाही. रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते. पेशी जगते साधारण १२० दिवस, आणि चिकटलेलं काही सुटत नाही. त्यामुळे आकडा येतो तो गेल्या दोन-तीन महिन्यांचा. ५.७ च्या खाली असलात तर ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह, मधले सगळे काठावर. अप्पांना ६.३ मिळाले. जास्त मार्कांचं दुःख त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

“म्हणजे कालची कारली धरत नाहीत?” त्यांनी विचारलं.

“नाही. आणि याला उपाशीपोटी यायचीही गरज नव्हती,” बाई म्हणाल्या. हा घाव वर्मी बसला.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी. अप्पा भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून निर्दोष तीन महिने शोधायला बसले. जानेवारीत गुळपोळी. होळीला पुरणपोळी, पाडव्याला श्रीखंड, ते पचतंय तोवर हापूस. आषाढात तळण, श्रावणात सणच सण, मग मोदक, कोजागरीचं आटीव दूध, दिवाळीचा फराळ, पाठोपाठ लग्नसराई. फेब्रुवारी जरा मोकळा दिसला, तर तो मुळात २८ दिवसांचा, त्यात बहुधा महाशिवरात्र. उपवासाने साखर उतरते असं मानणारी भाबडी माणसं आपल्यात पुष्कळ आहेत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, जोडीला बटाटा!

पण सणांना मी उगाच बदनाम करतोय. गणपती वर्षातून एकदा येतात. ‘अर्धा कप’ रोज येतो. अप्पा चहा पीत नाहीत, अर्धा कप घेतात. अर्धा कप हिशेबात धरायचा नसतो, साखर मात्र त्यात पूर्ण चमचा. असे सहा झाले की पंचवीस-तीस ग्रॅम साखर पोटात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे अप्पांचा कोटा चहातच संपतो, बिस्किटं बिनपगारी.

मग रात्री साडेनऊला जेवण, आणि मालिका संपेपर्यंत लोळणं. खरं तर जेवणानंतर साखर चढत असते तेव्हाच चाललं, तर पायांचे स्नायू ती रक्तातून ओढून घेतात. दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यानेही फरक पडतो. शतपावली अप्पाही घालतात. सोफ्यापासून फ्रिजपर्यंत. परतीच्या पावलांना हातात काहीतरी असतं.

तेव्हा आमच्याकडे याल तर रात्री जेवणं झाल्यावर या, आणि बसू नका. अप्पांना खाली चक्कर मारायला न्या. ते चहाचा आग्रह करतील, “अर्धाच घ्या” म्हणतील. तुम्ही नको म्हणा. तुम्ही घेतलात की सोबत म्हणून तेही घेतात.