पोराला थेरपी, आणि घराला?

१८ एप्रिल २०१९. तेलंगणाच्या इंटरचा, म्हणजे अकरावी-बारावीचा, निकाल लागला आणि दोन-चार दिवसांत हैदराबादेत नामपल्लीच्या विद्या भवनासमोर पालकांची गर्दी उसळली. इंटरमीडिएट बोर्डाचं कार्यालय इथंच आहे. साडेनऊ लाखांवर मुलं परीक्षेला बसली होती, त्यातली तीन लाखांहून जास्त नापास. पेपर लिहिलेली मुलं गैरहजर दाखवलेली. एका मुलीला तेलुगूत शून्य; पुन्हा पाहिलं तर ९९.

शून्याचे ९९ होईपर्यंत त्या मुलीनं काय काय ऐकून घेतलं असेल?

निकालानंतरच्या काही दिवसांत वीसच्या आसपास मुलांनी जीव दिला. आत्महत्येला एकच एक कारण कधीच नसतं. पण सरकारच्या त्रिसदस्यीय समितीला निकालाच्या कामात चुका सापडल्या आणि फेरतपासणीत हजारावर नापास मुलं पास झाली, हेही तितकंच खरं. बोर्डाचा कागद चुकू शकतो, ही शंका किती घरांत पहिल्या दिवशी कुणाला आली?

मूल चुकलं असणार, हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं.

देशभरात २०२२ या एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. हा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा. त्यामुळे किशोरवयीन मुलांना समुपदेशकाकडे नेण्याचं प्रमाण वाढत असेल, तर चांगलंच आहे. प्रश्न नेण्याचा नाही. काय मागायला नेता, हा आहे.

‘जरा समजावून सांगा त्याला. एमपीसी (गणित-फिजिक्स-केमिस्ट्री) सोडायचं म्हणतोय.’ ही झाली पालकांची मागणी. मुलाची मागणी काय, हे कुणी विचारलंच नाही. समुपदेशक पहिल्याच भेटीत तेच विचारतो आणि आईबाबा खुर्चीत अवघडून बसतात.

काय अपेक्षा ठेवायची, ते सरळ सांगायला हवं. बहुधा सुरुवातीला पालकांशी बोलणं होतं: झोप, जेवण, शाळा, मित्र, घरातली भांडणं, आधीची आजारपणं. मग साधारण आठवड्यातून एकदा, पाऊणएक तास, मूल एकटं. दार बंद. अधूनमधून पालकांबरोबर आढावा. आढावा म्हणजे मुलानं काय सांगितलं त्याची इत्थंभूत हकिगत नव्हे.

‘पैसे आम्ही भरतो, मग आम्हाला कळायला नको?’ अठराच्या आतल्या मुलासाठी तुमची संमती लागते, मान्य. संमती दिली म्हणजे दाराला कान लावायचा परवाना मिळाला, असं होत नाही. जिवाला धोका असेल तर समुपदेशक तुम्हाला सांगतोच. लैंगिक अत्याचार उघड झाला तर पोक्सो कायद्यानं तो कळवणं त्याला बंधनकारकच आहे. या मर्यादा मुलालाही पहिल्या दिवशीच सांगितल्या जातात. बाकीचं मुलाचं. गाडीत बसल्या बसल्या ‘काय विचारलं? तू काय सांगितलंस?’ सुरू केलंत, तर पुढच्या वेळी मूल आतही गप्प बसेल.

मग फी कशाची भरलीत?

आता घाईबद्दल. दरवर्षी मृगाला नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवर दम्यासाठी मत्स्यप्रसाद मिळतो. जिवंत मासोळी औषधासकट गिळायची. त्याला शास्त्राचा आधार नाही, तरी लोक रात्रभर रांगेत उभे राहतात. देणारे ४५ दिवसांचं पथ्य सांगतात, लागोपाठ तीन वर्षं या म्हणतात, आणि लोक निमूट ऐकतात. तीच माणसं ज्याला शास्त्राचा आधार आहे त्या थेरपीला दोन सेशनची मुदत देतात आणि म्हणतात, ‘काही फरक नाही हो.’

फरक असतो. तो गुणपत्रिकेत शोधला की दिसत नाही.

मूल वेळेवर झोपू लागतं. सोडलेला मित्र पुन्हा घरी येतो. डोकं दुखतंय म्हणून कॉलेज बुडवणं कमी होतं. आणि एक दिवस ते तुमच्या तोंडावर सांगतं, ‘मला हे आवडत नाही.’ पालक घाबरून फोन करतात, थेरपीनं पोरगं उद्धट झालं म्हणून. इतके दिवस ते मनातल्या मनात हेच बोलत होतं. तेव्हा ते गुणी होतं?

नेण्याआधी चौकशी जरूर करा. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक मागा, त्यात लाज कसली? औषध लागलं तर ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर देतो. एका समुपदेशकाशी सूर जुळला नाही तर दुसरा शोधा. ट्यूशन बदलताना आपण कुठे थांबतो?

फी परवडत नाही, हे अनेक घरांतलं कडू सत्य आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे: १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठी-तेलुगूतही. हा क्रमांक फ्रिजवर चिकटवा. कोचिंगच्या वेळापत्रकाच्या वर.

२५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं, विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरासाठी नियम घालून दिले. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. गुणांवरून तुकड्या पाडायच्या नाहीत, चारचौघांत अपमान करायचा नाही. कॉलेजांना न्यायालयानं बजावलं. जेवताना ‘शेजारच्या सुमितला बघ’ म्हणणाऱ्याला कोण बजावणार?

खरी ग्यानबाची मेख इथं आहे. मूल आठवड्यातला पाऊण तास समुपदेशकापुढे असतं, उरलेला आठवडा तुमच्यापुढे. पाऊण तासात शिकलेलं ते घरी वापरून बघणार. घर जुनंच राहिलं, तर ते किती दिवस टिकेल? म्हणून चांगला समुपदेशक तुम्हालाही कामाला लावतो: टोमणे थांबवा, निकालाच्या दिवशी आधी जेवायला वाढा, ऐकताना उपदेश करू नका. ज्या पालकांना हे ऐकून राग येतो, ते समुपदेशक बदलतात.

मुलानं बंद दाराआड आपल्याबद्दल काय सांगितलं असेल, याची धास्ती वाटते ना? ती कशानं वाटते, हे तुम्हाला नेमकं ठाऊक आहे. ते आजपासून थांबवा. तुमच्या वतीनं ते कुठलाही समुपदेशक करणार नाही.