दुपट्ट्याखालची बोटं

भाऊ कुणाशीही बोलायला लागले की आधी त्याच्या दातांकडे पाहतात. पंचायत समितीचं तिकीट मागायला एखादा पोरगा आला, की दुसऱ्या वाक्याला निकाल तयार: "आदत हाये अजून. दोनदाती होऊ दे, मंग जुपू." जिल्ह्याच्या नेत्याबद्दल विचाराल तर म्हणतील, "जुळेल हाये, पन चढावर बसते."

तेल्हारा तालुक्यात असा भाऊ एकटादुकटा नाही, चार-सहा गावांमागे एक सापडतोच. दावणीला पूर्णाथडीच्या भुऱ्या म्हशी, दोन बैलजोड्या, कुटाराचा ढीग, ढेपीची पोती आणि त्या पोत्यांवरच भरणारं जनसंपर्क कार्यालय. सरकीच्या ढेपीच्या व्यापारात अकोल्याचा भाव देशभर पाहिला जातो. अकोल्याला तो आपण सांगतो, असं निदान भाऊंचं मत आहे.

राजकारणात ते भाषणानं आले नाहीत, बोटांनी आले. बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही. हातावर दुपट्टा टाकायचा, खाली बोटं धरायची, वर पावसापाण्याच्या गप्पा मारायच्या. बाजूला उभ्या असलेल्याला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. एकदा गावात सरपंच निवडायचा होता. इकडे चार, तिकडे चार आणि एक सदस्य काठावर. भाऊ त्याच्या शेजारी जाऊन बसले, दुपट्टा टाकला, कपाशीवरच्या बोंडअळीची चौकशी केली. संध्याकाळी गुलाल उधळला गेला. तेव्हापासून आजवर दुपट्ट्याचा रंग चार वेळा बदलला, खालची बोटं तीच.

पक्षनिष्ठेचा विषय काढलाच, तर इतिहास ऐकावा लागतो. वडिलांनी बैलजोडीला मत दिलं. १९६९ ला काँग्रेस फुटली, बैलजोडी गोठली. मग आईनं गाय-वासराला दिलं, तेही गेलं आणि हात आला. "आधी बैल इकले, मंग गाय इकली. आता हातच रायले बाप्पा, ते जोडाले."

भाऊंची दैवतं दोन. महादेव जानकर, कारण धनगराच्या घरचा माणूस २०१६ ला पशुसंवर्धन खात्याचा मंत्री झाला. दुसरे लालूप्रसाद, कारण त्यांनी गुराख्यांच्या पोरांसाठी चरवाहा विद्यालयं काढली. चाऱ्याच्या खटल्याची आठवण दिली की मात्र भाऊंचा आवाज पडतो. "चारा ढोरानं खावा," एवढंच म्हणतात. भक्तीलाही कुठंतरी वेसण हवीच.

जिल्हा परिषदेत निवडून आले, तेव्हा बाकीचे बांधकाम समितीवर तुटून पडले. भाऊंनी पशुसंवर्धन व दुग्धशाळा समिती मागून घेतली. लोक हसले. बांधकामात टक्का असतो, इथं शेण. पण २०२२ ला लंपी आली, गुरांचे बाजार बंद झाले आणि हसणारे भाऊंच्या दारात उभे राहिले. त्या महिन्यात मी त्यांना रात्री दीड वाजता पाहिलं आहे. मोटारसायकलवर मागं ढोरांचा डॉक्टर, त्याच्या मांडीवर लसीचा डबा. अंगभर गाठी आलेल्या परक्या गाईच्या तोंडाशी ते पाण्याचं घमेलं धरून बसले होते. फोटोवाला नव्हता. आणखी नवल म्हणजे, दुपट्टाही नव्हता.

जनावरांच्या कानात बारा आकडी पिवळे बिल्ले आले, तेव्हा भाऊंना राज्यशास्त्रच गवसलं. "आधारबी बारा आकडी, बिल्लाबी बारा आकडी. सरकारनं दोघायले सारखंच मोजलं. फरक एकच, म्हैस सांजच्याले आपल्याच गोठ्यात येते."

हा फरक त्यांना पुढच्या निवडणुकीत नीट कळला.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी सांत्वनाला गेलो. भाऊ उकिडवे बसून म्हशीच्या कासेवरून हात फिरवत होते. ती पान्हा चोरत होती. खिशातला फोन वाजत होता. वरून कुणीतरी मोठं माणूस असावं.

"उचला ना, भाऊ."

"वाजू दे. हे पान्हावली पाह्यजे आधी."

पान्हावली एकदाची. बादली अर्धी झाल्यावर त्यांनी त्याच दुपट्ट्यानं हात पुसले. मी हळूच विचारलं, "कितीनं गेलं?"

भाऊ काही बोलले नाहीत. ओला दुपट्टा माझ्या हातावर टाकला, खालून माझी दोन बोटं धरली आणि औंदा कडबा महाग होणार म्हणाले.

दोन शेकडा की दोन हजार, ते मी विचारलं नाही.