सुगम्य उद्यान

शहरातले सुगम्य उद्यान फाटकापाशीच ओळखू येते. दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून तिथे लोखंडी खांब रोवलेले असतात. त्यांतून व्हीलचेअरही जात नाही, हा नियमातला समभाव. रॅम्पचा दंडक एकास बारा, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांबी. जागा वाचवून तो तीन फुटांत बसवतात, त्यामुळे चढणाऱ्याला व्यायाम आणि उतरणाऱ्याला घसरगुंडी, दोन्ही मोफत. अंधांसाठीच्या पिवळ्या उंचवट्यांच्या फरश्या थेट विजेच्या डीपीशी नेऊन सोडतात. दिव्यांगांच्या स्वच्छतागृहाला कायम कुलूप. म्हणूनच ते इतके स्वच्छ. उद्यानात एकही दिव्यांग फिरकत नसल्याने शहरात दिव्यांगच नाहीत हे सिद्ध होते आणि उरलेला निधी कारंज्याकडे वळतो. कारंज्याला पाच पायऱ्या आहेत.