राउटरभाऊ

वर्धा जिल्ह्यात राऊत पायलीचे पन्नास. राउटर मात्र आमच्या पवनारात एकच. त्यांचं खरं आडनाव रेशनकार्डावर असेल. ओसरीवर पहिला नेटवर्क कॅमेरा लागला आणि आठवडाभरात गावानं त्यांचं नवं बारसं उरकलं.

अशी माणसं गावोगाव एकेक असतातच. आधी ती मोटारपंपाची होती, मग टीव्हीच्या अँटेन्याची. स्लॅबवर चढून ‘आलं का? आता आलं का?’ ओरडणारी. राउटरभाऊ त्याच वंशातले. ते फक्त ‘पिंग होऊन राहिलं का?’ म्हणून ओरडतात. पिंग म्हणजे दाराची कडी वाजवणं. आतून ‘ओ’ आली की कॅमेरा जिवंत.

त्यांच्या घरी चहा फुकट मिळत नाही. कप हातात पडायच्या आत प्रश्न येतो, “तुहा आयपी कोणता?” मी पहिल्या वेळी घाबरून आधार नंबर सांगितला होता. त्यावर पाऊण तास तास झाला. “हे पाय भाऊ. पवनारचा पिन कोड 442111. साऱ्या देशात एकच. पण ‘विहिरीजवळचं घर’ हा पत्ता? तो गावागावात राहते. 192.168 नं सुरू होणारा आयपी म्हणजे विहिरीजवळचं घर. गावात चालते, गावाबाहेर कोणी ओळखत नाई.” त्यांच्या पुण्याच्या पुतण्यानं पवनारचा कॅमेरा पाहायला तिथं बसून 192.168.1.64 टाकला होता आणि काहीच दिसत नाही म्हणून फोनवर कुरकुर केली होती. “दिसन कसं? लेकाचा आपल्याच फ्लॅटात विहीर धुंडून राहिला होता!”

याच हिशेबानं राउटर म्हणजे गावाची वेस, तोच गेटवे. कॅमेरा म्हणजे घर आणि पोर्ट म्हणजे घराची दारं. एका घराला पासष्ट हजारांवर दारं, त्यातलं 554 नंबरचं बहुधा चित्र बाहेर पाठवायचं. वेशीवरच्या माणसाला ‘अमक्या दाराची चौकशी करत कोणी आलं तर त्या घरी धाड’ म्हणून सांगून ठेवलं की झालं पोर्ट फॉरवर्डिंग. शेतातल्या सिमवाल्या कॅमेऱ्यावर मात्र ही युक्ती चालेना. रोही आणि रानडुकरं तुरीत कधी शिरतात ते खाटेवर पडल्या पडल्या बघायचं होतं. तर मोबाइल कंपनीनं शेकडो गिऱ्हाइकांना मिळून एकच वेस दिलेली आणि वेशीची किल्ली आपल्या कमरेला. याला सीजीनॅट म्हणतात. हा शब्द उच्चारताना राउटरभाऊंचा चेहरा सातबाऱ्यावर परक्याचं नाव पाहिल्यासारखा होतो.

पण त्यांची खरी प्रतिभा मी पाहिली ती धाम नदीच्या काठावर. समोर परमधाम आश्रम. मी सहज विचारलं, कॅमेऱ्याचा पत्ता रात्रीतून बदलतो कसा? त्यांनी आश्रमाकडे बोट केलं.

“विनोबाजी 1951 ला इथून पायी निघाले, 1964 ला वापस आले. तेरा वर्षं रोज नवा मुक्काम. पत्र टाकाचं त कुठं टाकाचं? हेच डीएचसीपी. राउटर देईन तो पत्ता, आज हा, उद्या तो. मंग 1970 ला क्षेत्रसंन्यास घेतला, आता पवनार सोडाचं नाई म्हणाले. हे झालं स्टॅटिक.”

मी मनातल्या मनात आश्रमाला हात जोडले. ते थांबेनात. “अन् 74 च्या डिसेंबरापासून वर्षभर मौन धरलं.”

“म्हणजे ऑफलाइन?”

“नाई ना! डिव्हाइस ऑन. फक्त पोर्ट बंद.”

डीएचसीपी मला त्या दिवशी कायमचं कळलं, हे कबूल करतो.

ज्ञान एवढं, पण हातगुण म्हणाल तर बेताचाच. कॅमेऱ्याला स्टॅटिक पत्ता द्यावा, तोही राउटर वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचा, हे तेच सांगतात. चुलतभावाकडे मात्र विसरले. कॅमेऱ्याला दिलेला पत्ता राउटरनं टीव्हीलाही वाटला. मग कॅमेरा आला की मालिका जाई, मालिका आली की कॅमेरा. चुलतवहिनींनी भांडण दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी कॅमेऱ्याची वायर उपटली. गोठ्यापर्यंत केबल ओढली ती एकशेतीस पावलं. शंभर मीटरच्या पुढे ही केबल दगा देते. पावलं मोजली होती राउटरभाऊंनी, आणि त्यांची ढांग लांब. गोठ्यातली गाय अजून दिसते, नाही असं नाही, पण कधी पुढचा भाग, कधी मागचा.

केबलला कनेक्टर लावताना मात्र त्यांना बघावं. वरचं साल दातांनी सोलतात, आतले आठ केस बोटांनी सरळ करतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि हरिपाठाच्या लयीत सुरू होतात: नारंगी-पांढरा, नारंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. मग पकडीत कनेक्टर दाबला की ‘कट्’ असा आवाज येतो आणि त्यांचे डोळे मिटतात. याच वायरीतून वीजही जाते, चित्रही येतं. पीओई म्हणजे एकाच गव्हाणीत चारा अन् पाणी, ही त्यांचीच व्याख्या.

आता ओसरीच्या कॅमेऱ्यातून येतं काय? चार एमबीपीएसनं चोवीस तास चाललं तर दिवसाला 43 जीबी. त्यात एक कुत्रा, दोनदा दूधवाला आणि बाकी सगळा कोळी. रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्यावर किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो, भिंगासमोर जाळं विणतो, आणि त्याच्या दर हालचालीला राउटरभाऊंचा फोन किंचाळतो: ‘घरात व्यक्ती आढळली.’ वहिनी म्हणतात, लग्नाला तीस वर्षं झाली, माझ्याकडे इतक्या वेळा उठून पाहिलं नाही.

त्यांच्या नेटवर्कला खरा धोकाही वहिनींचाच. बाहेरच्या चोरांसाठी कॅमेऱ्याचा कंपनीचा ‘अ‍ॅडमिन’ पासवर्ड त्यांनी पहिल्याच दिवशी बदलला. 2016 साली असेच मूळ पासवर्डाचे कॅमेरे पळवून मिराय नावाच्या व्हायरसनं मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या, ही कथा ते भागवतासारखी लावतात. वहिनी मिक्सरसाठी राउटरची पिन काढतात, त्यावर मात्र पासवर्ड निघालेला नाही.

परवा वैशाखात त्यांच्या अंगणात बसलो होतो. मागं खाटेवर कुरडया वाळत घातलेल्या. कॅमेरा डोक्यावर, आणि आम्ही दोघं त्याच अंगणाचं चित्र फोनवर पाहतो आहोत. चित्र कसं कंपनीच्या सर्व्हरला वळसा घालून आपल्या अंगणात येतं, हे त्यांना दाखवायचं होतं. चित्रात फाटकातून एक बकरी आत आली.

“रंग पाय, रंग! फुल एचडी!”

चित्रातल्या बकरीनं खाटेकडे मान वळवली. मागून कुरकुर आवाज आला. मी वळणार तोच त्यांनी माझं मनगट धरलं. “थांब, अजून पोचली नाई थे. तीन सेकंदाचा लॅग आहे.”

तेवढ्यात वहिनी लाटणं घेऊन धावत आल्या, बकरी पळाली, वहिनींनी आम्हा दोघांकडे पाहिलं. फोनवर बकरी आता कुठे पहिली कुरडई तोंडात घेत होती. राउटरभाऊंनी तो इवलासा वहिनींचा आकार चित्रात येईपर्यंत वाट पाहिली आणि आवाज हळू केला.