एका आर्चीत तीन व्यसनं

जुनी कार्टून्स, जुने कॉमिक्स आणि जुनी पॉप गाणी असे तीन वेगळे छंद लावून घेणारा माणूस घरातली तीन कपाटं घालवतो. शहाण्याने एकट्या आर्चीला धरावं. १९४१च्या डिसेंबरात ‘पेप कॉमिक्स’च्या २२व्या अंकात हा तांबड्या केसांचा पोरगा अवतरला. १९६८ साली फिल्मेशन कंपनीने त्याला टीव्हीवर नाचवलं आणि १९६९मध्ये त्याच्या ‘आर्चीज’ बँडचं ‘शुगर, शुगर’ अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसलं. आवाज रॉन डँटेचा, तोंड आर्चीचं. बँडमधला एकही इसम हाडामांसाचा नव्हता, त्यामुळे मानधनावरून भांडणं नाहीत.

पहिला धडा कॉमिक्सचा. आर्चीच्या मैत्रिणी बेटी आणि व्हेरॉनिका यांचा चेहरा एकच, फरक फक्त केसांचा, हे ज्याला दिसलं तो प्राथमिक परीक्षा उत्तीर्ण. पाहुण्यांसमोर मात्र हे बोलू नये. पान लांब धरावं, डोळे बारीक करावेत आणि चित्रकाराचं नाव घेऊन ‘डॅन डी-कार्लोची रेषा बघा’ एवढंच पुटपुटावं. कोणती रेषा, हे विचारायला सहसा कुणी थांबत नाही. अंक पिवळा पडतो तो कागदातल्या लिग्निनमुळे, उजेड आणि हवा लागली की. म्हणून तो अंधारात, कोरड्या जागी, पाठीला आम्लविरहित पुठ्ठा लावून ठेवावा. थोडक्यात, वाचता येईल अशा ठिकाणी ठेवू नये.

अॅनिमेशनसाठी नाक लागतं. चित्रं ज्या पारदर्शक सेलवर रंगवत, तो अॅसिटेटचा सेल म्हातारा झाला की व्हिनेगरसारखा वास सोडतो आणि शेजारच्या सेलनाही बिघडवतो. तेव्हा विकत घेताना आधी हुंगावा, मग पाहावा. आमच्याकडे असा वास सुटला तेव्हा दोन दिवस स्वयंपाकघरात शोध चालला आणि व्हिनेगरमधल्या कांद्यांची एक निरपराध बरणी फेकली गेली. मी गप्प राहिलो. एकच नाच दहा गाण्यांत दिसला तर आपलं डोकं फिरलं असं समजू नका. फिल्मेशन काटकसरी होती, एकदा काढलेली पावलं पुन्हा पुन्हा वापरायची.

रेकॉर्डचं प्रकरण सर्वांत नाजूक. अमेरिकन ४५ आरपीएमच्या तबकडीला मधोमध मोठं भोक असतं, त्यात बसणारी चकती हरवली की गाणं डुगडुगतं. पण खरा पेच पुठ्ठ्याच्या तबकडीचा. आर्चीजची गाणी तिकडे न्याहारीच्या सीरियलच्या खोक्यावरही येत. पोरांनी कात्रीने कापायची आणि वाजवायची. कापलेली तबकडी वाजते, पण तिला कुणी विचारत नाही. अखंड खोक्याला भाव आहे, मात्र ते मुकं. मी अखंड खोकं कपाटात ठेवलंय आणि गाणं फोनवर ऐकतो.

उरला घरचा विरोध. इथे पुन्हा डी-कार्लोच गुरू: त्याने आपल्या एका नायिकेला बायकोचं नाव दिलं, जोसी. १९६३पासून तिच्या नावाचा अंक निघू लागला. मीही हा उपाय केला. कॉमिक्सच्या सर्वांत मोठ्या खोक्यावर मार्करने हिचं नाव ठसठशीत लिहिलं.

हिने ते दोनदा वाचलं. म्हणाली, ‘‘म्हणजे हे माझं?’’

‘‘अर्थात.’’

‘‘बरं झालं. रद्दीवाला रविवारी येतो.’’