मालक स्वतः येतात

मालकांनी वाकडचा टू बीएचके गुंतवणूक म्हणून घेतला, असं ते स्वतः सांगतात आणि वहिनीही चारचौघांत तसंच सांगतात. माझं मत वेगळं आहे. कोथरूडच्या राहत्या घरात पाना-पक्कड हातात धरायला वहिनींनी कायमची बंदी घातली, तेव्हा या माणसाला तोडफोडीसाठी हक्काची जागा हवी होती. ती त्यांनी बँकेचं कर्ज काढून घेतली. भाडेकरू हा त्या कर्जाचा जामीन.

भाडं 24 हजार, हप्ता 38 हजार. मधल्या 14 हजारांचं काय, असं विचारलं की मालक चष्मा पुसतात आणि मुद्द्यावर येतात. ‘‘अहो, घरमालकाला खड्ड्यात घालतो तो कारागीर. नळाचा वायसर पाच रुपयांचा. बदलायचे घेतो तीनशे. उरलेले 295 कशाचे? आपल्या अज्ञानाचे!’’ हे अज्ञान घालवायला ते एका रविवारी बोहरी आळीत गेले. वायसर घेतलाच. सोबत हॅमर ड्रिल, पाइप पाना, पाणसळ, ओळंबा, गुण्या आणि तीन जातींच्या करण्या घेतल्या. तिथून तपकीर गल्लीत टेस्टर आणि वायर, मग जुन्या बाजारात ‘अर्ध्या किमतीत’ टाइल कटर. तो अर्ध्या किमतीत का होता, हे पहिली टाइल कापताना कळलं. एकूण खर्च वहिनींना कळला तो क्रेडिट कार्डाच्या बिलावरून. त्यावर मालकांचं उत्तर ठरलेलं: ‘‘हत्यारं आयुष्यभराची असतात.’’ कुणाच्या आयुष्यभराची, ते त्यांनी सांगितलं नाही.

शिक्षण मोबाईलवर झालं, आणि गुरू अमेरिकेतला निघाला. तिकडे घराच्या आतल्या भिंती बहुतेक लाकडी चौकटीवर जिप्समचे बोर्ड ठोकून केलेल्या असतात. त्यामुळे आतलं लाकूड नेमकं कुठे आहे हे शोधायला ‘स्टड फाइंडर’ नावाचं यंत्र लागतं. मालकांनी ते मागवलं. वाकडच्या भिंतीत लाकूड औषधालाही नाही. विटा, सिमेंट आणि कॉलम-बीममध्ये सळया. यंत्र प्रत्येक सळईला टीं टीं करायचं आणि मालक समाधानानं पेन्सिलीची फुली मारायचे. दिवाणखान्याच्या कॉलमवर आजही त्या फुल्या आहेत. पुढचे भाडेकरू त्यांच्याकडे वास्तुशास्त्र म्हणून बघायचे.

टॉवेलच्या रॉडचं प्रकरण मात्र मी डोळ्यांनी पाहिलं, कारण बॅटरी धरायला मला नेलं होतं. भिंतीतला पाइप सहसा नळाच्या सरळ रेषेत वर-खाली गेलेला असतो. त्या रेषेत भोक पाडायचं नाही, हे प्लंबरच्या हाताखालचं पोरगंही जाणतं. मालकांनी तीच रेषा निवडली, कारण रॉड तिथे ‘शोभतो’. ड्रिल आत गेलं, बाहेर आलं, आणि त्याच्यामागून पाणी आलं. फ्लॅटचा मुख्य व्हॉल्व्ह गच्चीवर. गच्चीची किल्ली वॉचमनकडे. वॉचमन चहाला. मालक खाली बसून एम-सीलचे दोन गोळे एकजीव होईपर्यंत मळू लागले, कारण पाकिटावर तसं लिहिलं होतं आणि लिहिलेलं ते पाळतात. तेवढा वेळ नागपूरचा भाडेकरू मुलगा भोकावर अंगठा दाबून उभा. त्याची मीटिंग चालू होती. दुसऱ्या हातातल्या फोनमध्ये तो शांतपणे म्हणत होता, ‘‘नाही सर, पाऊस आमच्याकडेच आहे.’’ महिना मार्चचा होता.

त्यानंतर प्लंबर बोलवावाच लागला. त्यानं भिंत पाहिली, वाहत्या पाण्यावर थापलेलं आणि अर्थातच न चिकटलेलं एम-सील पाहिलं, आणि विचारलं, ‘‘साहेब, हे कोणी केलंय?’’

मालक म्हणाले, ‘‘होता एक जण.’’

‘‘त्याला परत बोलवू नका.’’

‘‘बोलवावं लागत नाही,’’ मालक म्हणाले. ‘‘तो येतोच.’’

भिंत फुटलीच आहे तर बाथरूमची फरशीही करून टाकू, असं मग ठरलं. घर नवं करण्याचा हा नेहमीचा रस्ता आहे. रॉडपासून निघालेला माणूस फरशीपर्यंत पोचतो आणि वाटेत त्याला कुणी अडवत नाही. मालकांनी दोन रविवार गुडघ्यांवर बसून एकेक टाइल पाणसळ लावून बसवली. बुडबुडा दोन रेषांच्या बरोबर मध्ये आल्याशिवाय पुढची टाइल नाही. एवढी सपाट फरशी मी राष्ट्रीयीकृत बँकेतही पाहिलेली नाही. अडचण एवढीच की घरात जिथे फरशी सपाट नको असते ती जागा म्हणजे बाथरूम. जाळीच्या दिशेनं मीटरमागे सेंटीमीटरभर तरी उतार लागतो. मालकांच्या बाथरूममधलं पाणी आता कुठेच जात नाही. वॉटरप्रूफिंग केल्यावर पाणी चोवीस तास तुंबवून गळती तपासतात. ही बाथरूम ती परीक्षा रोज देते. पासही होते. भाडेकरूंना त्यांनी चांगल्या प्रतीचा वायपर भेट दिला आणि ‘‘दंडाला व्यायाम होतो’’ असं सांगितलं.

स्वयंपाकघरातल्या भिंतीला टाइल लावताना गुरूच्या सांगण्याप्रमाणे पूर्ण पाठीला मसाला फासायचा कंटाळा आला. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, असे गोळे लावून त्या चिकटवल्या. मागे पोकळी राहिली. बोटानं ठोकलं तर डबडब वाजायच्या. पहिली सुटली ती पोह्यांच्या फोडणीत.

अन्याय नको म्हणून सांगतो, छोटी कामं त्यांना उत्तम येतात. पंखा हळू फिरू लागला की बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो; मेन स्विच बंद करून, 2.5 मायक्रोफॅरडचा आहे का बघून, तो त्यांनी दहा मिनिटांत बदलला. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनंच गुंडाळतात. कुरकुरणारी बिजागरी, निसटलेली कडी, तुंबलेलं सिंक, सगळं जमतं. नव्या घरमालकानं नेमकं एवढंच शिकावं आणि थांबावं. पण अशा कामांनी मालकांचं मन भरत नाही, कारण त्यात काही फोडावं लागत नाही.

खरा आघात त्यांच्या सीएनं केला. मालकांनी वर्षभराच्या पावत्यांची फाईल त्याच्यापुढे ठेवली होती, वायसरच्या पाच रुपयांसकट. त्यानं ती न उघडताच बाजूला सारली. घरभाड्याच्या उत्पन्नातून महापालिकेचा कर वजा केल्यावर जे उरतं, त्याच्या 30 टक्के वजावट आयकर खातं सरसकट देतं. दुरुस्तीवर रुपया खर्च करा, लाख करा, नाहीतर काहीच करू नका. ‘‘म्हणजे काहीच न करणाऱ्यालाही तेवढंच?’’ मालकांनी विचारलं. ‘‘तेवढंच.’’ दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत.

नियम त्यांना एरवी तोंडपाठ असतात. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही, हा 2001 चा सरकारी आदेश त्यांनी वाकडच्या सेक्रेटरींना तीनदा वाचून दाखवला. खालच्या मजल्यावर छताला आलेली ओल ज्याच्या भोकातून आली, त्याचा विषय निघाला की मात्र ते बिल्डरवर घसरतात.

आणि तरी या माणसाचा राग येत नाही. भाडेकरूच्या डिपॉझिटमधून त्यांनी कधी एक पैसा कापला नाही. रात्री अकराला गीझर सुरू केला की वीज जाते, असा फोन आला तेव्हा कोथरूडहून चांदणी चौकमार्गे स्कूटरवर निघाले. मांडीखाली दहा फुटी पाइप, लागला तर असावा म्हणून. नागपूरच्या मुलानं दार उघडलं, पाइपाकडे पाहिलं आणि हात जोडले. ‘‘काका, मी गार पाण्यानं आंघोळ करतो. खरंच चालतं मला.’’ अकरा महिने पुरे होताच तो गेला. जाताना वायपर घासून-पुसून ठेवून गेला.

फ्लॅट सध्या रिकामा आहे आणि मालक रोज तिथे असतात. स्वयंपाकघराचा ओटा उंचीला दोन इंच कमी आहे, असं त्यांच्या लक्षात आलं आहे. कुणाला घ्यायचा असेल तर जागा खरोखर चांगली, हवेशीर आणि माणूसही सज्जन. लिव्ह अँड लायसन्सच्या कराराची नोंदणी महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकावर आहे; ते ती चोख पार पाडतील. तुम्ही फक्त सही करण्याआधी एक कलम घालून घ्या: घरात काहीही बिघडलं, तरी मालकांना कळवण्याचं बंधन भाडेकरूवर राहणार नाही.